हॅलमच्या रानातला सरवा

चोरांनी पॉलिटनेलचा प्लास्टिकचा कागद कापला, पण कापला अगदी सरळ. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जयंत काटकर टनेलपाशी गेला तेव्हा दाराचं कुलूप शाबूत होतं आणि दाराशेजारी छातीपासून जमिनीपर्यंत शिंप्यानं कापल्यासारखी फट होती. डिझेल हीटर गेला होता, रोटाव्हेटर गेला होता. मेथी-कोथिंबिरीच्या दोनशे ट्रेंना कुणी हात लावला नव्हता. बाहेर उणे सहा झालं होतं आणि पानं उकडल्यासारखी काळी होऊन मातीवर निजली होती.

जयंतनं पोलिसांना फोन केला. पलीकडच्या बाईनं सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि त्याला एक क्राइम नंबर दिला. तो त्यानं खडूनं टनेलच्या खांबावर लिहून ठेवला. त्या चोरीतून त्याच्या हाती आलेली वस्तू तेवढीच.

गाव नॉटिंगहॅमपासून पाऊण तासावर. एक चर्च, एक हॉल, बंद पडलेला एक पब आणि चारी बाजूंना बुटाला सोडायला तयार नसलेली चिकणमाती. सात वर्षांपूर्वी जयंतनं एका मोठ्या ग्लासहाऊसमधली सुपरवायझरची नोकरी सोडली आणि रॉजर हॅलमची दोन एकर जमीन भाड्यानं घेतली. चार टनेल टाकले. लेस्टरच्या दुकानांना तो मेथी, शेपू, कोथिंबीर द्यायचा. बायको नीना नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात नर्स होती. मुलगी अक्षरा सोळाची, इथंच जन्मलेली. आणि आई यमुना, चौऱ्याहत्तर वर्षांची. वडील गेल्यावर तिला खटावाकडून इकडं आणायला तीन वर्षं आणि दोन वकील लागले होते.

जमिनीचा करार दर पंचवीस मार्चला नव्यानं व्हायचा. तशी इकडची जुनी चाल आहे. हॅलमनं सही केली तर आणखी एक वर्ष. नाही केली तर टनेल उपटायला सहा आठवडे.

फेब्रुवारीत हॅलमनं गावच्या हॉलमध्ये सभा घेतली. तो पोलीस आणि क्राइम कमिशनरच्या निवडणुकीला उभा होता. हा कमिशनर गणवेश घालत नाही, चोर पकडत नाही. लोकांनी त्याला निवडून द्यायचं आणि त्यानं पोलिसांवर लक्ष ठेवायचं. असं काही पद आहे हे गावातल्या अर्ध्या लोकांना हॅलम उभा राहिल्यावर कळलं. उरलेल्यांना अजून कळायचं होतं.

हॅलम साठीचा, लाल मानेचा, हळू बोलणारा माणूस होता. आधी जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा, त्यामुळे बोलताना थांबायचं कुठं हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

"पोलीस चाळीस मिनिटांवर आहेत," तो म्हणाला. "शेजारी चार मिनिटांवर आहे. मग सुरक्षा कुठून येणार? शेजाऱ्याकडून. प्रत्येक फाटकाला दोन डोळे, एवढीच माझी कल्पना. आणि किरकोळ भानगडी कोर्टात न्यायच्या नाहीत. माणसानं माणसापुढं उभं राहायचं, केलं ते कबूल करायचं, लिहून द्यायचं, हात मिळवायचा. घरातलं भांडण घरात मिटवतो तसं."

मग त्यानं ज्यांच्याकडं चोरी झाली होती त्यांना बोलायला सांगितलं. कुणाची क्वाड बाइक गेली होती, कुणाचं डिझेल, कुणाच्या ट्रॅक्टरवरचा जीपीएस. जयंत उभा राहिला. त्याला राग होता आणि तो राग इंग्रजीत त्यानं आठवडाभर टनेलमध्ये घोटून ठेवला होता.

"न विचारता दुसऱ्याच्या रानात पाय टाकणारा माणूस चोरच," तो म्हणाला. "मग तो कुणी का असेना."

हॉलनं टाळ्या वाजवल्या. सात वर्षांत पहिल्यांदा. कॉलिन बूट नावाच्या रिटायर्ड लॉरी ड्रायव्हरनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तिथल्या तिथं त्याचं नाव गस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात घातलं. जयंत खाली बसला तेव्हा त्याचे कान तापले होते.

यमुना मागच्या रांगेत रेडिएटरला पाठ लावून बसली होती. घरातलं हीटिंग दुपारी बंद असायचं, हॉलचं चालू होतं. अंगावर जयंतचा जुना निळा जाडा कोट, खाली लुगडं, त्याखाली गमबूट. हॅलम जाताना तिच्यापाशी थांबला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कुणीतरी फोटो काढला. मग प्रत्येकाला दिली तशी तिलाही एक कापडी पिशवी दिली. पिशवीवर हॅलमचं तोंड होतं आणि खाली लिहिलं होतं : सगळ्यांचं गाव, सुरक्षित गाव.

"पिशवी चांगली हाय," घरी येताना यमुना म्हणाली. "बंद लांब हायती. काय म्हनत हुता रं त्यो?"

"म्हणत होता, आपलं गाव आपणच राखायचं."

"मंग बरोबरच हाय की. तिकडं कोन राखतं दुसरं?"

मार्च वाऱ्याचा गेला. जयंतनं फट टेपनं चिकटवली, वारा ती उचकटायचा, जयंत पुन्हा चिकटवायचा. हीटरशिवाय मेथी हाताएवढी व्हायला पाच आठवडे घेत होती. पहाटे गुडघे टेकून तो जुड्या काढायचा, मुळांची माती पिंपातल्या गार पाण्यात धुवायची, रबर लावायचं, क्रेटमध्ये उभं करायचं. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या आणि त्यांत मेथीचा हिरवा रस मुरून काळा झाला होता. नीना लाँग शिफ्ट संपवून यायची आणि गणवेशावरच तासभर जुड्या बांधायची. शनिवारी अक्षराही यायची, एका कानात इअरफोन घालून.

यमुनाला गुडघे टेकता येत नव्हते. ती उभ्यानं होईल ते करायची आणि मग कुंपणाकडंनं फिरायला जायची. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं.

कुंपणापलीकडं हॅलमचं लाँग फील्ड होतं, तीस एकर लीक. लीक म्हणजे मनगटाएवढा जाड पातीचा कांदा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काढणीची टोळी आली. ट्रॅक्टरमागं मशीन, मशीनवर मेणकापडात गुंडाळलेली दहा-बारा माणसं. लीक उपटत, शेंडा-बुडखा छाटत, पेट्या भरत चार दिवसांत त्यांनी रान संपवलं. बारीक निघालेले, वाकडे, दुबेळके त्यांनी जागेवर टाकले. मागं राहिलेलं रान पांढऱ्या-हिरव्या कांड्यांनी भरून गेलं होतं.

यमुना कुंपणाशी दोन दिवस उभी राहिली. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन फाटकातून आत गेली.

खटावाकडं कांदा काढून गाडी गेली की रान उघडं व्हायचं. मागं पडून राहिलेला सरवा वेचायला कुणीही जावं. मालकाला विचारायचं नसतं. विचारणं म्हणजे हा नाही म्हणेल अशी शंका घेणं, आणि तेवढ्यानं त्याची अब्रू जायची. आपल्या रानात सरवा वेचू न देणाऱ्याच्या ओट्यावर लोक पाणी पीत नसत. यमुनानं स्वतःच्या रानातही कधी झाडून-पुसून काढू दिलं नव्हतं. मागून येणाऱ्याला काहीतरी राहावं म्हणून गड्यांना ओरडायची.

तिनं दोन खेपा केल्या. त्या संध्याकाळी लीकचा झुणका झाला. दुसऱ्या दिवशी पीठ पेरून. तिसऱ्या दिवशी भाकरीबरोबर कच्चंच, मीठ लावून.

"मस्त झालंय," जयंत म्हणाला.

"रानात लई पडलंय रं. वाया चाललंय."

"हं," जयंत म्हणाला. तो फोनवर हवामान बघत होता. सर्वांत जवळचं दुकान सहा मैलांवर होतं आणि आई गाडी चालवत नव्हती, हे त्याला माहीत होतं. त्यानं त्याचा विचार केला नाही. आणखी एक भाकरी घेतली.

सतरा मार्चला सकाळी दहाच्या सुमाराला तो टनेलमध्ये गुडघ्यांवर होता. खिशात फोन वाजला. ग्रुपवर कॉलिनचा मेसेज होता : लाँग फील्डमध्ये संशयित, पिशवी भरलेली, थांबवून ठेवलंय. खाली सहा जणांनी अंगठे दिले होते. जयंतचे हात चिखलात होते. त्यानं मधलं बोट शर्टाला पुसून सातवा अंगठा दिला आणि फोन खिशात टाकला.

दोन जुड्या बांधून झाल्यावर पुन्हा वाजला. या वेळी फोटो होता. लांबून काढलेला, थोडा हललेला. रानाच्या मध्यावर एक वाकलेलं माणूस, डोक्यावर हूड. फोटो मोठा करायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला, ओली बोटं काचेवर घसरत होती. निळा कोट. कोटाच्या कोपराला त्यानं स्वतः लावलेली टनेलची चंदेरी टेप.

तो पोचला तेव्हा यमुना फाटकाशी उभी होती. कॉलिन आणि दुसरा एक जण पिवळ्या जाकिटात तिच्या दोन बाजूंना. कॉलिननं तिला पिकअपमध्ये बसायला सांगितलं होतं, तिला कळलं नव्हतं, म्हणून तोही उभा होता. ती दोन्ही हात पुढं धरून होती, तळवे वर. तळव्यांना चिखल होता.

"हात दाव म्हनला," ती जयंतला म्हणाली. "म्हनून दावलं. आता खाली घिऊ का इचार त्याला."

"आई, हात खाली घे."

"त्याला इचार की."

कॉलिनचा चेहरा पडला होता. "जे, मला काय माहीत तुझी मम आहे," तो म्हणाला. जयंतला तो जे म्हणायचा आणि आईला मम. "हूड होतं. आणि तूच म्हणालास ना, कुणी का असेना."

लीक पिकअपच्या बॉनेटवर मांडले होते. बावीस. शेजारी रिकामी पिशवी पडली होती आणि तीवरून हॅलम सगळ्यांकडं बघून हसत होता. मालकाचा माल म्हणून कॉलिननं ते लीक दोन-दोन करून फाटकावरून पुन्हा रानात भिरकावले. ते जिथून उचलले होते तिथंच साधारण पडले.

घरी आल्यावर यमुनानं गमबूट दाराबाहेर काढले, ओळीत ठेवले आणि खुर्चीवर बसली. कोट काढला नाही.

"त्यो आपलाच शेतमालक ना?" तिनं विचारलं. "त्याच्याच पिशवीत येचलं म्या. लपवून न्हाई येचलं."

संध्याकाळी सहा वाजता हॅलम स्वतः आला. बूट बाहेर काढून, मोज्यांनी आत आला. चहा घेतला. झालं ते फार दुर्दैवी आहे असं तो तीनदा म्हणाला.

"मला त्या लीकचं काही नाही," तो म्हणाला. "शुक्रवारी नांगरूनच टाकणार आहे. पण ग्रुपात चाळीस माणसं आहेत. फोटो सगळ्यांनी पाहिलाय. उद्या कुणी म्हणेल, हॅलमच्या कुळाला एक नियम आणि इतरांना दुसरा. मग माझ्या सगळ्या कल्पनेचं काय राहिलं?"

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. छापील होता. वर त्याच्याच नावाचा शिक्का, खाली ओळी. मी अमुक दिवशी अमुक ठिकाणाहून अमुक वस्तू परवानगीशिवाय घेतली. मला खेद आहे. मी पुन्हा असं करणार नाही.

"पोलीस नाहीत, रेकॉर्ड नाही," हॅलम म्हणाला. "शेजाऱ्यांतला कागद. रविवारी हॉलमध्ये पाच मिनिटं. हात मिळवायचा, केक खायचा, संपलं. आणि पंचवीस तारखेला आपल्या कराराचंही उरकून टाकू." हे शेवटचं वाक्य तो अगदी सहज, कपात बघत बोलला.

नीना किचनच्या ओट्याला टेकून उभी होती. हॅलम गेल्यावर ती मराठीत बोलली.

"आई सही करणार नाहीत. सॉरी, पण नाही. व्हॉट इज धिस, जयंत? फेकून दिलेल्या भाजीसाठी त्यांनी चोर म्हणून लिहून द्यायचं?"

"मग टनेल उपटायचे?"

"तू त्याला समजावून का नाही सांगितलंस? आपल्याकडे असं असतं म्हणून?"

"सांगितलं. तो म्हणाला, व्हेरी इंटरेस्टिंग."

"मग मी सांगते. मी जाते त्याच्याकडे."

"आणि काय म्हणशील? मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोललोय, नीना. माझंच वाक्य आहे ते. त्यानं पॅम्फ्लेटवर छापलंय. नावासकट."

अक्षरा जिन्याच्या पायरीवर बसली होती. यमुनानं तिला हाक मारली. "ए पोरी, हिकडं ये. वाच ह्ये. ह्यो मला धड सांगायचा न्हाई."

अक्षरानं कागद घेतला. वाचला. बापाकडं पाहिलं.

"सांग," यमुना म्हणाली.

"आजी, त्यात लिहिला आहे की तू... तू घेतला. न विचारून. आणि तुला सॉरी वाटते."

"चोरलं असं हाय का?"

"चोरलं नाही आहे. 'टूक' आहे. घेतला." अक्षरा थांबली. "पण त्याचा अर्थ तोच आहे, आजी. डोंट डू इट. इट्स सो रॉंग."

यमुनानं कागद स्वतःच्या हातात घेतला. बाहेर वाऱ्यानं टेप उचकटली होती आणि टनेलचा कागद फडफड वाजत होता. जयंतचं निम्मं लक्ष तिकडं गेलं. ते तिनं पाहिलं.

"न इचारता घेतलं ह्ये तर खरंच हाय," ती म्हणाली. "इचारलं तर माणसाला वाईट वाटतं, म्हनून न्हाई इचारलं. ह्याला वाटलं नसतं. मला काय ठाव." मग जयंतला म्हणाली, "आन पेन. कुठं करायची?"

"आई, तसा काही त्याचा..."

"जया, कुठं करायची तेवढं दाव."

तिनं चौथीपर्यंतच्या अक्षरात, एकेक अक्षर सुटं करून, यमुना दादासाहेब काटकर असं लिहिलं. नीना वर गेली आणि दार लावून घेतलं. त्या आठवड्यात जुड्या बांधायला ती आली नाही.

रविवारी हॉलमध्ये चौदा माणसं होती. हॅलमनं थोडक्यात सांगितलं, नाव घेतलं नाही, पण हॉलमध्ये लुगड्यातली बाई एकच होती. यमुना उठली, पुढं गेली आणि हॅलमनं हात मिळवायला हात पुढं केला तेव्हा तिनं दोन्ही हात पुढं धरले, तळवे वर. हॅलमला वाटलं ही त्यांची नमस्काराची पद्धत असावी. त्यानं तळव्यांवर आपले हात ठेवले आणि मान लववली. लोकांना ते फार आवडलं. केक गाजराचा होता.

त्याआधी शुक्रवारी ठरल्याप्रमाणं लाँग फील्ड नांगरलं होतं. पाच फाळांचा नांगर जाईल तिथं लीक उलटे होऊन मातीखाली जात होते. वास घरापर्यंत आला, कांद्याचा, गोडसर. समुद्राकडचे पांढरे पक्षी नांगरामागून उतरत, पाहिजे ते उचलत आणि उडून जात. त्यांना कुणी काही म्हणालं नाही. यमुनानं खिडकी लावून घेतली.

पंचवीस तारखेला करार झाला. त्यात एक ओळ नवी होती. कुळानं महिन्यातून दोन रविवार गावच्या गस्तीला द्यायचे.

एप्रिलच्या मध्यावर दाराच्या फटीतून हॅलमचं पत्रक आत पडलं. पाच हजार प्रती आधीच छापून झाल्या होत्या. पहिल्या पानावर हॅलम यमुनाचा हात दोन्ही हातांत धरून उभा होता. मागच्या पानावर समेटाची पहिली यशोगाथा होती, नावाशिवाय : एका ज्येष्ठ रहिवाशाला चूक उमगली, गाव अधिक जवळ आलं. पत्रक दोन्ही बाजूंनी वाचणाऱ्याला ती दोन माणसं वेगळी वाटली असती. अक्षरानं ते चार तुकडे करून टाकलं. यमुनानं तुकडे गोळा करून रिसायकलिंगच्या डब्यात घातले, कारण साध्या डब्यात कागद टाकला की कौन्सिलचे लोक चिठ्ठी लावून जातात.

मेमध्ये मतदान झालं. शंभरातले वीसेक लोक गेले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी हॅलमला निवडलं. जयंतही गेला. कुणाला मत दिलं हे त्याला घरी कुणी विचारलं नाही.

यमुना आता फिरायला जायची नाही. पाय सुजले होते. सहा मैलांवरच्या दुकानात नीनानं नेलं तर बिल झाल्यावर ती दारातल्या सिक्युरिटीच्या माणसापुढं थांबायची आणि पिशवीचं तोंड उघडून धरायची. तो माणूस दर वेळी गोंधळून "थँक यू, लव्ह" म्हणायचा. नीना एकदा गाडीत बसून रडली. यमुना म्हणाली, "अगं, त्येला बरं पडतं. त्याचं कामच हाय त्ये."

जूनमधला दुसरा रविवार जयंतच्या गस्तीचा होता. लाँग फील्डमध्ये आता वाटाणा होता, शेंगा भरत आलेल्या, आणि येणारे-जाणारे त्या तोडून खातात अशी हॅलमची तक्रार होती. जयंत आणि कॉलिन फाटकापाशी दोन घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. पिवळ्या जाकिटात उकडत होतं. जयंतच्या मांडीवर वही होती. सकाळपासून तीत एक सायकलवाला आणि दोन कुत्री होती.

एकच्या सुमाराला कुंपणाकडंनं यमुना येताना दिसली. काठी टेकत, दर दहा पावलांनी थांबत. तीन महिन्यांत ती पहिल्यांदाच या बाजूला आली होती. हातात तीच कापडी पिशवी होती, पण उलटी केलेली, हॅलमचं तोंड आत गेलेलं.

"तुझी मम," कॉलिन म्हणाला. खुर्चीवर जरा सरळ बसला आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघू लागला.

"आई, कशाला आलीस एवढं? मी येणार होतो जेवायला."

"दोन वाजतील म्हनली नीना. उपाशी किती येळ बसशील?"

ती आली ती वाटाण्याच्या कडेकडेनंच आली होती. पायवाट तिथूनच होती. ती फाटकापाशी थांबली. जयंतनं पिशवी घ्यायला हात पुढं केला.

तिनं दिली नाही. काठी फाटकाला टेकवली, पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"बघून घे," ती म्हणाली. "भाकरी हाय, मेथीची भाजी हाय. मेथी आपल्याच टनेलातली. दुसरं काय न्हाई."

"आई, काय हे."

"बघ बाबा. त्यो बसलाय शेजारी."

कॉलिन दुसरीकडंच बघत होता. त्याची मानही लाल झाली होती. वाटाण्यावरून वारा येत होता. तिनं हात खाली घेतले नाहीत.

जयंतनं वाकून पिशवीत पाहिलं.